पत्रिकेसोबतचा रिपोर्ट

रत्नागिरी,
५ डिसेंबर २००१

श्री. अजिंक्य मयेकर यांस,
स. न. वि. वि.

मी योगिनी शिवलकर. रविवारी तुम्ही हर्ण्याहून आमच्या नीरजाताईला बघायला आलात, तेव्हा पोह्यांच्या बशा आणून देणारी ती मी. तुमच्या आईंनी "धाकटी काय शिकते?" म्हणून विचारलं आणि मी "अकरावी सायन्स" एवढंच बोलून आत पळाले. लाजून नव्हे, दूध उतू जात होतं. मी फारशी लाजत नाही हे पुढे वाचलंत की कळेलच.

ताईला तुम्ही पसंत आहात. तोंडाने ती काही बोलली नाही, पण सोमवारी शाळेत शिकवायला जाताना दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून गेली. बाबांनी तर ६ जानेवारीच धरली आहे. १४ तारखेला पौष लागतो, मग महिनाभर कार्य नाही, आणि मार्चमध्ये तुम्ही पुन्हा बोटीवर. म्हणजे सगळी घाई. या घाईत एक गोष्ट कुणीच विचारणार नाही, म्हणून मी विचारते आहे.

तुमची एचआयव्हीची तपासणी झाली आहे का? झाली असल्यास रिपोर्ट पाठवावा. नसल्यास करून घ्यावी.

कारण सांगते. १ तारखेला आमच्या कॉलेजात एड्स दिनाचा कार्यक्रम झाला. मी एन.एस.एस.मध्ये आहे, पोस्टर मीच रंगवली. सरांनी धोका कुणाला जास्त ते फळ्यावर लिहिलं. ट्रकचालकांपर्यंत सगळे खाली माना घालून लिहून घेत होते. मग सरांनी 'खलाशी' लिहिलं आणि अख्ख्या वर्गाने वळून माझ्याकडे बघितलं. तुमचं स्थळ येणार आहे हे माझ्या मैत्रिणीने, सावनीने, आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्या दिवसापासून माझ्या डब्यातलं लोणचं कुणी मागत नाही. अजून लग्नही झालेलं नाही आणि लोणच्यालासुद्धा लागण झाली.

नुसतं बघून कळत नाही, असं सर म्हणतात. मला वाटतं थोडं तरी कळत असणार. तुम्ही तब्येतीने चांगले दिसलात. तरी विचारणं माझं काम आहे. पत्रिका जुळली, छत्तीसपैकी सव्वीस गुण आले; या कागदाशिवाय ते सव्वीस मी धरत नाही.

हे घरी कुणाला माहीत नाही. उत्तर सावनीच्या पत्त्यावर पाठवावे, पत्ता मागे दिला आहे.

आपली,
योगिनी श्रीपती शिवलकर

*

हर्णे,
९ डिसेंबर २००१

चि. योगिनीस,

आशीर्वाद लिहावा की नमस्कार, यात अर्धा तास गेला. तू मला कोर्टाची नोटीस पाठवल्यासारखं लिहिलंस, तेव्हा नमस्कारच बरा. पण वयाने तू लहान, म्हणून 'तू' म्हणतो. रागावू नकोस.

पाकीट आईच्या हाती पडलं. "कुणाचा रे कागद?" तिने विचारलं. मी म्हटलं, कंपनीचा, तपासणीबद्दल. म्हणजे निम्मं तरी खरं बोललो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो. आमच्या धंद्यात दर वेळी बोटीवर चढायच्या आधी मेडिकल होतं. डोळे, कान, छातीचा फोटो आणि रक्त. त्यात ही तपासणीही असते. सात वर्षांत पाच वेळा झाली. तुमच्या वर्गातल्या कुणाच्याही घरच्या माणसापेक्षा माझं रक्त जास्त वेळा तपासलेलं आहे, असं त्या लोणचं न मागणाऱ्यांना सांग. शेवटच्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत जोडली आहे. पहिल्या पानावर वजन आहे, ते वाचू नकोस.

बघून थोडं कळतं म्हणतेस, त्याबद्दल मात्र ऐक. आमच्या बोटीवर एक बोसन होता, म्हणजे आम्हा खलाशांचा मुकादम. तीन माणसांनी ओढायचा दोर तो एकटा ओढायचा. त्याच्यासमोर मी म्हणजे सुकवलेला बोंबील. पुढे एका बंदरात कंपनीने मध्येच सगळ्यांचं मेडिकल केलं, त्यात तोच अडकला. दोन वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो, त्याच्या कपातला चहा मी प्यालो, वादळात एकमेकांना धरून उभे राहिलो. मला काही झालं नाही. पण तो सामान घेऊन उतरला तेव्हा त्याच्याशी हात मिळवायला आम्ही दोघेच गेलो, बाकीचे केबिनमध्ये बसून राहिले. त्यातल्या कुणालाही विचारलं असतं तर तुमच्या सरांनी सांगितलेलं सगळं त्याने घडाघडा म्हणून दाखवलं असतं.

आता माझा एक प्रश्न. पत्रिका दोघांच्या जुळवतात. मग रिपोर्ट एकट्याचाच का? नीरजाचा कुठे आहे?

आपला,
अजिंक्य

*

रत्नागिरी,
१२ डिसेंबर २००१

श्री. अजिंक्य यांस,
स. न. वि. वि.

रिपोर्ट मिळाला. वजन वाचलं. निगेटिव्ह आहात हेही वाचलं. पास केलं आहे. झेरॉक्स मी फिजिक्सच्या वहीच्या कव्हरखाली ठेवली आहे आणि सावनीशिवाय कुणाला दाखवली नाही. म्हणजे आता सगळ्यांना कळलं असेल, पण यावेळी तेच हवं होतं. काल दोघींनी लोणचं मागितलं.

ताईच्या रिपोर्टबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते चेष्टेत लिहिलंत असं मी धरते. ताई घर ते शाळा आणि शाळा ते घर करते. मुंबईला गेली तर आत्येकडे उतरते. आमच्यासारख्या घरात हे असतं कुठे? तिचा रिपोर्ट मागणं म्हणजे देवळातल्या पुजाऱ्याला आंघोळ केलीत का विचारण्यासारखं आहे.

असो. आता तुम्ही घरचेच होणार, म्हणून एक गंमत सांगते. सरांनी लायब्ररीबाहेर एक खोकं ठेवलंय. ज्यांना तोंडाने विचारवत नाही त्यांनी नाव न घालता चिठ्ठी टाकायची. किल्ली माझ्याकडे आहे. एकाने लिहिलंय, गणपतीला मुंबईहून काका येतात, त्यांचा टॉवेल वेगळा ठेवावा का? एकीने लिहिलंय, कोळणीचं बोट कापलं आणि तिने त्याच विळीवर सुरमई कापून दिली तर ती खाल्ल्यावर होतो का? (मी उत्तर लावलं, सुरमई कच्ची खातेस का?) एकाचा मामा लांज्याला हायवेवर खानावळ चालवतो. तिथल्या ताटांत ट्रकवाले जेवतात, म्हणून हा सुट्टीत मामाकडे उपाशी राहतो. ताटाने होत नाही, असं त्याला मी ठळक अक्षरांत लिहिलं. मामा बिचारा पोराची भूक मेली म्हणून काळजी करत असेल.

एक चिठ्ठी जरा अवघड होती. 'तपासणी तीन महिन्यांनी करा असं का सांगतात?' सर बोर्डाच्या कामाला मुंबईला गेलेत, म्हणून उत्तर मीच फळ्यावर लिहिलं. तीन महिने शरीर त्या विषाणूशी लढतं, तेवढ्यात काही झालं नाही तर तो निघून जातो आणि मग काळजी नसते. सगळ्यांनी लिहून घेतलं. मुलांच्या बाजूला तर दोघातिघांनी मोठा श्वास सोडला.

घरात लाडू वळायला सुरुवात झाली आहे. कार्डं छापायला गेली.

योगिनी

*

हर्णे,
१६ डिसेंबर २००१

चि. योगिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी बंदरावर होतो. संध्याकाळचा लिलाव चालू होता. तिथेच उभ्याने वाचलं, कोळणीच्या चिठ्ठीला मोठ्याने हसलो. फळ्यावरच्या उत्तरापाशी आलो आणि पुढे हसता आलं नाही.

ते पुसून टाक. चूक आहे. तीन महिन्यांत तो निघून जात नाही. एकदा आत आला की जातच नाही. होतं एवढंच की पहिले काही आठवडे तपासणीत तो सापडत नाही. रक्तात असतो आणि कागदावर निगेटिव्ह येतं. म्हणून तीन महिने थांबून तपासायचं. ज्यांनी मोठे श्वास सोडले त्यांना हे सांग. आधी त्यांनाच सांग.

तुला हसत नाही आहे. मी सत्तावीस वर्षांचा आहे, पाच मेडिकल झाली आहेत, दर वेळी डॉक्टरने हे सांगितलं आहे. तरी गेला दीड महिना मी तुझ्यासारखंच मनाला समजावत होतो, की अमुक एक तारीख उलटली की सुटलो.

मी पाठवलेल्या झेरॉक्सवरची तारीख बघ. १२ फेब्रुवारी. कागद खरा आहे, पण दहा महिन्यांपूर्वीचा. तू तारीख वाचणार नाहीस असं मला वाटलं होतं. वाचू नयेस असंही वाटलं होतं. ऑक्टोबरमध्ये आमची बोट माल उतरायची वाट बघत एका परक्या बंदरात अकरा दिवस थांबली. २४ तारखेला निघाली. त्या अकरा दिवसांबद्दल पुढचं तुला लिहीत नाही. ते नीरजाला सांगायचं आहे आणि मीच सांगायचं आहे.

तीन महिने २४ जानेवारीला पुरे होतात. लग्न सहाला आहे. आज तपासून निगेटिव्ह आलं तरी त्या कागदाला अर्थ नाही. हे मी आणि तू सोडून दोन्ही घरांत कुणाला कळणार नाही, म्हणून तर मी अजून घाबरलो. मांडवात उभं राहणं फार सोपं होतं.

काय करू असं मी तुला विचारत नाही. नीरजाला लिहिणार आहे. पत्र घरी पाठवू की शाळेत, एवढंच कळव.

अजिंक्य

*

रत्नागिरी,
२० डिसेंबर २००१

श्री. अजिंक्य यांस,

शाळेत पाठवा. पत्ता खाली दिला आहे.

मला तुमचा राग आला आहे. तुमच्या पत्राचे तुकडे करून चुलीत घालावंसं वाटलं, पण आमच्याकडे गॅस आहे. तुम्ही हे लिहिलं नसतंत तर मी ताईच्या हातावर स्वतः मेंदी काढली असती. माझ्या फिजिक्सच्या वहीत तुमचा पास झालेला कागद होता, म्हणून मी निर्धास्त होते. सगळ्या कॉलेजला शिकवत फिरणारी मी, आणि मला तारीख वाचता आली नाही. तुमच्याइतकाच स्वतःचाही राग आला आहे.

ताईला मी काही सांगितलं नाही. सांगणारही नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, ते तुमचं तुम्हीच सांगायचं आहे. पण २६ तारखेपर्यंत तिला पत्र आलं नाही तर मी गप्प बसणार नाही, हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट आहे. ताईच्या रिपोर्टचं तुम्ही विचारलंत, ते माझ्या डोक्यातून जाईना. ताईच्या मांडीवर वीतभर लांब व्रण आहे. काल आईला सहज म्हणून विचारलं. ताई अकरा वर्षांची असताना, म्हणजे ८८ साली, तिला जीपने उडवलं होतं. कोल्हापूरला नेऊन ऑपरेशन केलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. मी म्हटलं, कुणाचं रक्त? आई म्हणाली, "कुणाचं ते काय ठाऊक गो. ज्या कुणी दिलं तो आमचा देव." आणि पुन्हा लाडू वळायला लागली. तेव्हा मी चार वर्षांची होते, मला यातलं काही आठवत नाही.

ताई ठणठणीत आहे. पण तुमचा बोसनही ठणठणीत होता.

आमच्यासारख्या घरात हे असतं कुठे, असं मी लिहिलं होतं. ते वाक्य खोडून वाचावं.

योगिनी

*

रत्नागिरी,
२७ डिसेंबर २००१

श्री. अजिंक्य यांस,

तुमचं पत्र २४ तारखेला शाळेत मिळालं. तिसरीच्या मुलांना बाराचा पाढा लिहायला देऊन वाचायला बसले. पोरांनी पाढा चार वेळा लिहिला तरी माझं वाचून संपेना.

आधी राग लिहिते, म्हणजे बाकीचं नीट लिहिता येईल. तुम्ही ज्या अकरा दिवसांचं लिहिलंत तेव्हा तुम्ही मला ओळखतही नव्हता, हे मला कळतं. तरी दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. वर्गात एका मुलाला उगीच ओरडले, मग त्याची माफी मागितली. तुम्ही बघायला आलात त्या दिवशी हे सगळं तुमच्या मनात होतं आणि तुम्ही माझ्याशी नारळाच्या वड्यांवर बोलत होता. याचा राग मला सगळ्यात जास्त आला.

मग योगिनीने तुमची सगळी पत्रं माझ्यापुढे आणून ठेवली, तिने तुम्हाला काय काय लिहिलं तेही सांगितलं आणि स्वतः न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली. मी तिला काही करीन असं तिला वाटलं. मी सगळी वाचली. माझ्या मांडीवरच्या व्रणाबद्दल माझ्या धाकट्या बहिणीने तुम्हाला लिहावं आणि मला शेवटी कळावं, हे काही बरं नाही. पण तिने विचारलं नसतं तर मीही कधी विचारलं नसतं. तेरा वर्षं तो व्रण मी रोज बघते आणि आत काय आलं असेल हा विचार एकदाही मनात आला नाही.

आता काय ठरवलं ते सांगते. काल मी बाबांना म्हटलं, सहा तारखेला मी लग्न करणार नाही, पौष संपल्यावर बघू. बाबांना वाटलं मी थट्टा करते. मग म्हणाले, "कार्डं छापून आलीत, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, मुलीने लांबवलं म्हणतील, म्हणू देत. तारीख कार्डावर छापली आहे, माझ्या कपाळावर नाही. आमच्या गंगुबाई आजीने मला जवळ बसवून हळूच विचारलं, "काय गो बाय, पोरग्यात काय खोट हाय काय?" मी म्हटलं, ते मला माहीत नाही आजी, म्हणून तर लांबवते आहे. तिने बाबांना हाक मारली आणि म्हणाली, "पौष सरू दे रे श्रीपती." त्यानंतर घरात कुणी वाद घातला नाही. तुमच्या घरीही माझंच नाव सांगा. लांबवणारी मी आहे.

सिव्हिलमध्ये आता तपासणीचं केंद्र आहे. मी जाऊन विचारून आले. आधी तिथल्या बाई बोलतात, मग रक्त घेतात, आणि रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात देतात. शुक्रवारी, २५ जानेवारीला दोघांनी जायचं. मीही तपासून घेणार आहे. पौषात शुभ काही करत नाहीत, रक्त तपासायला कुणाची हरकत नसावी.

तुम्ही लिहिलंत की काळजी घेतली होती, आणि एकदा घेतली नव्हती. ते 'एकदा' गाळलं असतंत तर मला जन्मात कळलं नसतं. तुमच्याआधी मला तीन स्थळं येऊन गेली. कुणी पगाराचा दाखला दाखवला, कुणी बागेचा सातबारा. स्वतःच्या विरुद्ध जाईल असं कुणी काही सांगितलं नाही.

माझा होकार म्हणून हे पत्र धरू नये. नकारही नव्हे.

नीरजा

*

रत्नागिरी,
१२ जानेवारी २००२

श्री. अजिंक्य यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी घरची खबर देते. कार्डांचे गठ्ठे कपाटावर चढले. सहा तारखेला बाबा सकाळपासून बागेत जाऊन बसले, जेवायलाच घरी आले. लाडू आम्हीच खातो आहोत. ताई काही बोलत नाही आणि मी काही विचारत नाही. मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, न विचारणं मला किती जड जातं ते.

फळ्यावरचं मी पुसलं होतं, पण पुसून काय उपयोग, सगळ्यांच्या वह्यांत ते होतंच. म्हणून काल सरांकडून पाच मिनिटं मागून घेतली आणि वर्गापुढे उभी राहिले. म्हटलं, मी चुकीचं लिहिलं होतं, तीन महिन्यांनी तो जात नाही, तीन महिन्यांनी सापडतो. मागच्या बाकावरून शार्दूल म्हणाला, "तुला कोणी सांगितलं? खलाशी भावोजींनी?" सगळे हसायला लागले. मी म्हटलं, हो, त्यांनीच सांगितलं, आणि सांगण्यात त्यांचं नुकसान होतं तरी सांगितलं. हो म्हटल्यावर हसायला काही उरलं नाही. सर चष्मा पुसत उभे राहिले. मग म्हणाले, यापुढे उत्तरं आपण दोघं बघून लावू.

आज खोकं उघडलं तर एकतीस चिठ्ठ्या. एवढ्या कधी आल्या नव्हत्या. सहा जणांनी डास नाही, टॉवेल नाही, फक्त एकच विचारलंय, तपासणी कुठे करतात आणि घरी कळतं का? अक्षरं मी ओळखते. ती लिहिणाऱ्यांतली दोन मुलं वर्गात माझी सगळ्यात जास्त चेष्टा करतात. मी पत्ता लावला, वेळ लावली, आणि खाली लिहिलं की रिपोर्ट फक्त तुमच्या हातात देतात. कोणाचं अक्षर कोणतं हे मी सावनीलाही सांगितलेलं नाही. यावर तुम्ही विश्वास ठेवायला हवा.

राग अजून थोडा आहे. पण वर्गात कुणी तुम्हाला खलाशी म्हणून हसलं की तो त्यांच्यावर जातो.

योगिनी

*

रत्नागिरी,
२८ जानेवारी २००२

श्री. अजिंक्य यांस,

माझा रिपोर्ट आज मिळाला. निगेटिव्ह आहे. शाळेतून तशीच गेले होते, हातात मुलांच्या वह्यांचा गठ्ठा होता. बाईंनी नीट समजावून सांगितलं, मी वह्या तिथेच विसरून आले आणि पुन्हा आणायला गेले. एवढी मी घाबरले होते हे मला तेव्हा कळलं. एका अपघातासाठी, जो मला धड आठवतही नाही, मी चार दिवस नीट जेवले नव्हते. तुम्ही तीन महिने कसे काढलेत कुणास ठाऊक.

तुमचा रिपोर्ट तुम्ही ३१ तारखेला घ्यायला येणार. हे पत्र त्याआधी मिळावं म्हणून घाईने लिहिते. रिपोर्ट बघून मी ठरवलं असं मला नंतर कधी वाटायला नको, आणि तुम्हालाही नको.

निगेटिव्ह आला तर १७ फेब्रुवारीला, माघात, लग्न करू. माझी इच्छा आहे. शुक्रवारी सिव्हिलमधल्या बाकावर आपण शेजारी बसलो होतो आणि तुम्ही माझ्याशी वाऱ्याच्या दिशेवर बोलत होता. तुम्हाला काहीच सुचत नव्हतं आणि तरी मी एकटी बसू नये म्हणून तुम्ही बोलत होता. मला ते आवडलं.

पॉझिटिव्ह आला तर मी तुमच्याशी लग्न करणार नाही. हे स्पष्टच लिहिते, गोड बोलून तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. पण कारण कुणाला कळणार नाही. माझ्या घरी आणि तुमच्या घरी मी सांगेन की नकार माझा आहे, मला बोटीवरचा नवरा नको. मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर पहिल्या खेपेला मी सोबत येईन. तुमच्या बोसनला निरोप द्यायला दोनच माणसं गेली, हे मी वाचलं आहे. तुमच्या बाबतीत तसं होणार नाही. माझ्या बहिणीलाही मी धरते, ती माझ्याआधी तयार होईल.

दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. तुम्ही जे सांगितलंत ते उद्या भांडणात मी तुमच्यावर फेकणार नाही. त्याचा राग करून झाला.

नीरजा

*

रत्नागिरी,
३१ जानेवारी २००२

प्रिय नीरजा,

हे सिव्हिलच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर बसून लिहितो आहे. तुझी शाळा सुटायला अजून तास आहे, तोवर हात स्वस्थ बसेनात. पत्र गेटवर तुझ्या हातात देईन.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. मघाशी बाईंनी दोनदा वाचून दाखवला. तीन महिने पुरे झाले आहेत, आता हा पक्का, असं म्हणाल्या. १७ तारखेला मी येतो.

पण जे झालं ते सांगतो. तुझं पत्र काल संध्याकाळी हर्ण्याला मिळालं. घरी उघडायचं धाडस झालं नाही, एसटीत पाच तास खिशात होतं. इथे बाकावर बसलो तेव्हा उघडलं. पॉझिटिव्ह आला तर काय, ते वाचत 'तुमच्या बाबतीत तसं होणार नाही' इथपर्यंत आलो आणि आतून माझं नाव पुकारलं. पत्र हातात घेऊनच आत गेलो. खुर्चीवर बसलो, तो माझे डोळे वाहायला लागले, थांबेनात. बाई बिचाऱ्या घाबरल्या. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, "अहो, रडताय कशाला, तुमचा रिपोर्ट चांगला आहे."

मी त्यांना म्हटलं, रिपोर्टचं नंतर सांगा बाई, मला अर्धं पान वाचायचं राहिलंय.

तुझा,
अजिंक्य